कुणाचं गाढव घेतलं? : पाचगणीतल्या एका बायबल-नेतृत्व शिबिराविषयी

फी ३,२०० रुपये. त्यात शुक्रवारच्या रात्रीच्या जेवणापासून रविवारच्या दुपारच्या जेवणापर्यंत राहणं-खाणं, एक फाईल, एक पेन आणि 'पवित्र शास्त्रातून (म्हणजे बायबलमधून) नेतृत्व' या विषयावरची सत्रं. जागा पाचगणी. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं टोचेल असंही लिहायचं आहे आणि शिबिर घेणारी माणसं मनाने चांगली आहेत.

मी सरकारी रुग्णालयात परिसेविका आहे, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. हाताखाली स्टाफ नर्स, मावश्या, मामा, शिवाय ट्रेनिंगच्या मुली. माहेर नगरकडचं, मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) वाढलेली, त्यामुळे मोशे-नहेम्या संडे स्कूलपासूनच ओळखीचे. शिबिराला तीसेक जण होते. शाळांचे मुख्याध्यापक, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतली माणसं, चाकणच्या कंपन्यांतले सुपरवायझर, बचत गट चालवणाऱ्या दोघी आणि एक बँक मॅनेजर. हे मॅनेजर हिंदू, त्यांच्या शाखेतल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याने आग्रह करून आणलेले. शिकवायला दोघं: एक निवृत्त एचआर मॅनेजर, त्यांना सगळे 'सर' म्हणत, आणि एक पाळकसाहेब. सरांकडे प्रोजेक्टर, पाळकसाहेबांकडे नुसतं शास्त्र. सत्र कुणाचं आहे यावर दर्जा ठरत होता, हे आधीच सांगून टाकते.

पहिलं सत्र सरांचं, इथ्रोवर. बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याला भेटायला त्याचा सासरा इथ्रो रानात येतो. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलाय आणि लोक ताटकळत उभे आहेत, हे म्हातारा बघतो आणि तोंडावर सांगतो, हे तू बरं करत नाहीस, तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर एक, शंभरांवर एक, पन्नासांवर एक, दहांवर एक असे नायक नेम. अवघड तेवढं तुझ्याकडे येऊ दे. सरांनी याचा पिरॅमिड दाखवला, बाण दाखवले, 'अधिकार सोपवा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. चुकीचं काहीच नाही. मी एका अशा बाईंच्या हाताखाली काम केलंय की इंडेंट (औषधं-सामान मागवायचा कागद) त्याच भरणार, ड्रग कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला. त्या रजेवर गेल्या की रात्री शेजारच्या वॉर्डात जाऊन इंजेक्शन उसनं आणायचं. त्यामुळे इथ्रोची गोष्ट मला पटवून द्यावी लागत नाही.

पण इथ्रो नुसती संख्या सांगून थांबत नाही. माणसं कशी निवडायची तेही तो त्याच दमात सांगतो: कर्तबगार, देवाचं भय धरणारी, खरं बोलणारी, आणि अन्यायाच्या लाभाचा तिटकारा असणारी. स्लाइडवर याचं झालं होतं 'क्षमता, निष्ठा, सचोटी'. सचोटी असं गुळगुळीत लिहिलं की ते कुणालाच लागत नाही, प्रत्येकाला वाटतं आपल्याकडे आहे. मूळ वचन चक्क वरच्या पैशाबद्दल बोलतंय. मी फाईलच्या समासात एवढंच लिहून ठेवलं आणि पुढे गेले. शिबिर संपेपर्यंत त्या समासात बरंच काही जमा झालं.

शनिवारी सकाळी पाळकसाहेबांनी नहेम्या घेतला, आणि या एका सत्रासाठी फी वसूल झाली. नहेम्या म्हणजे पारसाच्या (इराणच्या) राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा प्यालेबरदार, शूशन राजवाड्यातला मोठ्या विश्वासाचा माणूस. यरुशलेमेचा तट पडलाय, वेशी जळाल्यात हे कळल्यावर तो रजा काढून जातो. इ.स.पू. ४४५ चा सुमार. पोचल्यावर तीन दिवस कुणाला काही सांगत नाही. रात्री थोडी माणसं बरोबर घेऊन पडका तट स्वतः फिरून बघतो, आणि मगच लोकांना म्हणतो, चला, बांधू. नव्याने चार्ज घेणाऱ्या प्रत्येकाने हा दुसरा अध्याय वाचावा. आमच्याकडे नवीन साहेब आले की आधी मीटिंग होते, वॉर्डचा राउंड नंतर.

तिसरा अध्याय बहुतेक जण सोडून देतात. नुसती नावांची यादी: याच्या शेजारी त्याने बांधलं, त्याच्या शेजारी अमक्याने. पाळकसाहेबांनी त्या यादीच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. प्रत्येकाला एक चिठ्ठी, आणि हॉलच्या भिंतीकडेने क्रमाने उभं राहायचं. मेंढरांच्या वेशीपासून सुरुवात, कारण तिथे प्रमुख याजक स्वतः कामाला लागलेला. मग मासळीची वेस. सोनार, अत्तरवाले, व्यापारी. कुणी आपल्या घरासमोरचाच तुकडा बांधतोय. मला चिठ्ठी आली शल्लूमाची: अर्ध्या यरुशलेम जिल्ह्याचा अधिकारी, आणि त्याने आपल्या मुलींना घेऊन तट बांधला. बँक मॅनेजर साहेबांना आली उकिरड्याची वेस. ते ओशाळून हसले, सगळा हॉल हसला. तेव्हा पाळकसाहेबांनी त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगितलं. ती वेस दुरुस्त करणारा मल्कीया हाही एका जिल्ह्याचा अधिकारी होता. गावातला कचरा जिथून बाहेर जातो ती वेस, आणि कडीकोयंडे बसवायला अधिकारी.

त्याच यादीत तकोवेकरांची ओळ आहे. तकोवा गावच्या लोकांनी बांधलं, पण त्यांच्यातल्या बड्या लोकांनी कामाला मान लावली नाही. एवढंच. ना शाप, ना भाषण, नुसती नोंद. आणि पुढे बावीस ओळींनंतर तेच तकोवेकर आणखी एक तुकडा बांधताना दिसतात. बडे लोक आले नाहीत म्हणून गाव थांबलं नाही, उलट दोन वाटे उचलले. ड्यूटी लिस्ट लावणाऱ्या बाईला यातलं किती कळतं ते विचारू नका. कुठला विभाग डोळ्यांसमोर आला तेही नाही.

तिथून पुढे सूत्रं सरांकडे गेली. चौथा अध्याय: विरोधक टपलेले, म्हणून अर्धे लोक बांधतात आणि अर्धे भाले धरून उभे. हा 'संकट व्यवस्थापन' म्हणून झाला. मग थेट सहावा अध्याय: तट ५२ दिवसांत पुरा. 'वेळेत प्रोजेक्ट'. टाळ्या. चहा.

पाचवा अध्याय कुठे गेला?

माझ्या मते तोच त्या पुस्तकाचा कणा आहे. तट अर्धा झालेला असताना गोरगरीब आणि त्यांच्या बायका ओरड करत येतात. दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडलीत. राजाचा कर भरायला कर्ज काढलंय. पोरं-पोरी दास्यात द्यावी लागतायत. आणि सावकार कोण, तर आपलेच भाऊबंद, ज्यांच्या शेजारी उभं राहून तट बांधायचा तेच. नहेम्याचा संताप होतो. तो सभा बोलावतो, सरदारांना तोंडावर विचारतो, आणि सांगतो की मी, माझे भाऊ, माझे चाकर यांनीही पैसे-धान्य उसनं दिलंय, आता आपण ही वसुली सोडू. शेतं परत करा, घरं परत करा. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो. शेवटी स्वतःचा हिशेब मांडतो: मी १२ वर्षं सुभेदार होतो, सुभेदाराचा भत्ता मी खाल्ला नाही. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न-द्राक्षारस घेत, वर ४० शेकेल रुपं घेत, आणि त्यांचे चाकरसुद्धा लोकांवर सत्ता गाजवत. माझ्या पंक्तीला १५० माणसं जेवायची, रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरं लागायची, तरी मी तो भत्ता मागितला नाही, कारण लोकांवर आधीच ओझं होतं.

चाकरसुद्धा सत्ता गाजवत! अडीच हजार वर्षांपूर्वी हे कुणीतरी लिहून ठेवलंय. साहेब एक वेळ बरा, साहेबाचा शिपाई नको, हे आपल्याकडे कुठल्याही कचेरीच्या जिन्यावर ऐकायला मिळतं.

समासातल्या टिपा इथे जुळायला लागल्या. 'गणना' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात लोक मोशेवर उलटतात तेव्हा तो देवाला म्हणतो, मी यांचं एक गाढवही घेतलं नाही. संदेष्टा शमुवेल म्हातारपणी कारभारातून मोकळा होताना सगळ्या इस्राएलासमोर उभा राहतो आणि विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाच्या हातून लाच घेतली, सांगा, भरून देतो. (त्याचे मुलगे बैर-शेबात न्यायाधीश होते आणि लाच खात होते, हेही शास्त्रात लपवलेलं नाही. त्यावरूनच लोकांनी राजा मागितला.) राजा मागणाऱ्यांना शमुवेल आधी बजावतो तेव्हा त्याच्या बोलण्यात एकच क्रियापद फिरून फिरून येतं: तो तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेतं घेईल, दशमांश घेईल, तुमची गाढवं घेईल. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात राजासाठी नियम आहेत, त्यातही पुष्कळ घोडे नकोत, पुष्कळ बायका नकोत, सोनं-रुपं फार साठवू नये. प्रेषित पौल मिलेत गावी इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा निरोप घेताना सांगतो, मी कुणाच्या सोन्यारुप्याचा, कपड्यांचा लोभ धरला नाही, माझ्या गरजा या हातांनी भागवल्या.

म्हणजे पुढाऱ्याला शास्त्र पहिला प्रश्न विचारतं तो असा: तू काय घेतलंस? दूरदृष्टी, संवादकौशल्य, टीम बांधणी, हे सगळं नंतर. मी प्रश्नोत्तरांत हे उठून विचारलं. सर हसून म्हणाले, "सिस्टर, तो नैतिकतेचा विषय झाला, आपण इथे स्किलबद्दल बोलतोय." मग वेळ संपला. रात्री जेवताना एका पंच कमिटीच्या खजिनदारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, बरं विचारलंत. त्यांनी स्वतः का नाही विचारलं, ते मी त्यांना विचारलं नाही.

दुपारचं रहबामाचं सत्र मात्र धमाल झालं. शलमोन राजा वारल्यावर त्याचा मुलगा रहबाम गादीवर बसायला शखेम गावी जातो. लोक म्हणतात, तुझ्या बापाने जू भारी केलं, तू हलकं कर, आम्ही तुझी चाकरी करू. वडीलधारे सांगतात, आज यांचा सेवक हो, ते कायमचे तुझे होतील. बरोबर वाढलेली तरणी मित्रमंडळी सांगतात, म्हण, माझी करंगळी बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे. तो मित्रांचं ऐकतो आणि दहा वंश हातचे जातात. चाकणचा एक तरुण सुपरवायझर रहबाम झाला होता. त्याने करंगळी दाखवून असा काही माज केला की बचत गटाच्या बायका खऱ्याखुऱ्या चिडल्या. यात एक तपशील सरांनी छान दाखवला. भडकलेल्या लोकांना समजवायला रहबामाने पाठवला कोण, तर अदोराम, वेठबिगारीवरचा मुकादम. ज्याच्यावर लोकांचा राग, तोच बोलणी करायला. त्याला लोकांनी दगडांनी ठेचला. या सत्राला सरांना पैकीच्या पैकी.

आता पाय धुण्याच्या कार्यक्रमाविषयी. योहानाच्या तेराव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. शनिवारी रात्री आम्हीही एकमेकांचे पाय धुवायचे होते. तशी सूचना चहाच्या वेळीच मिळाल्यामुळे सगळे आपापल्या खोलीत जाऊन पाय धुऊन आले. एकीने नेलपॉलिशही काढलं. हॉलमध्ये मंद दिवे, गिटार, कोमट पाणी, कोरे पांढरे टॉवेल. स्वच्छ पायांवर पाणी ओतायचं, टॉवेलने टिपायचं, डोळे मिटून प्रार्थना. काहींना रडू आलं. मला नाही आलं.

माझ्या वॉर्डात पाय येतात ते साखरेने सडलेले. बांधलेलं फडकं पुवाने चिकटलेलं असतं, ते ओढायचं नाही, सलाईनने भिजवत बसायचं, कडेकडेने सोडवायचं. बोटांच्या बेचक्यात बघायचं, कारण खरी घाण तिथे. पेशंटला पायाची जाणीव नसते, वास मात्र येत असतो आणि तो ओशाळून तोंड फिरवून बसतो. अशा वेळी पाय हातात धरून त्याच्याशी पिकापाण्याच्या गप्पा मारणारी एक मावशी आमच्याकडे आहे. तिला पाहिलं की तेरावा अध्याय वेगळा वाचला जातो. त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवरून चपला घालून आलेले पाय, आणि ते धुणं हे घरातल्या दासाचं काम. म्हणून तर पेत्र हा शिष्य पाय मागे घेतो, कधीच धुऊ देणार नाही म्हणतो. आणि यहूदाही त्या पंगतीत होता, तो घास घेऊन नंतर बाहेर गेला. आपल्याला धरून देणार आहे हे येशूला ठाऊक असलेल्या माणसाचे पाय! त्यावर शिबिरात एक शब्द निघाला नाही.

कार्यक्रम संपल्यावर हॉलभर पाणी सांडलेलं. ते पुसायला केंद्रातल्या दोन मावश्यांना हाक मारली. बँक मॅनेजर साहेब पुढे होऊन त्यांच्याकडे पोछा मागायला लागले, मावशी काही देईनात, "अहो साहेब, राहू द्या," आणि साहेब काही हटेनात. बाकीचे टॉवेल घड्या करत होते.

रविवारचं 'प्रेषितांची कृत्यं' या पुस्तकावरचं सत्र घाईत उरकलं. सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं, तक्रार होते, आणि वाटपासाठी सात जण निवडले जातात: स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन वगैरे. सातही नावं ग्रीक. डावललं गेलेल्यांच्या बाजूच्याच माणसांकडे पळी दिली, असं त्यावरून वाटतं. यावर अर्धा तास बोलता आलं असतं. तो अर्धा तास एका अमेरिकी कंपनीच्या व्हिडिओला गेला.

आणि हेच मला खटकत राहिलं. पडद्यावर आलेली जितीजागती उदाहरणं सगळी परदेशी कंपन्यांच्या साहेबांची. पंडिता रमाबाईंचं केडगाव तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, तरी त्यांचं नाव निघालं नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा काढणाऱ्या या बाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन उपाशी, निराधार मुली-विधवा गोळा करून आणल्या, केडगावात त्यांच्या हाताला काम दिलं. हिब्रू-ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, आणि त्याची छपाई त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्याच बायकांच्या हातून झाली. १९२२ मध्ये त्या गेल्या. बायबलमधून नेतृत्व शिकलेल्या माणसाचं उदाहरण मराठी शिबिराला हवं असेल तर आणखी कुठे शोधायचं?

गाण्यांचंही तसंच. दोन्ही दिवस इंग्रजी कोरस, शब्द पडद्यावर. शनिवारी रात्री पोरांनी ढोलकी काढली आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन धरलं तेव्हा कुठे जीवात जीव आला.

तक्रारी झाल्या, आता एक गोष्ट त्यांच्या बाजूची. रविवारी जेवणघराच्या दारावर एक कागद लावलेला होता: जमा फी, केंद्राचं भाडं, किराणा-मटण, छपाई, डिझेल, शिल्लक. मानधनाच्या रकान्यात सर आणि पाळकसाहेब दोघांपुढे 'निरंक'. कुणी मागितला नव्हता हा हिशेब, कुणी त्याची घोषणाही केली नाही. सरांना मी म्हटलं, पाचवा अध्याय तुम्ही दारावर लावलात, हॉलमध्ये का नाही घेतलात? ते म्हणाले, "लोकांना जड जातो हो." पुढच्या वेळी घेऊ, असंही म्हणाले. बघू.

किरकोळ गोष्टी. खोल्या साध्या, स्वच्छ. बायकांच्या बाजूचा गीझर एकाच न्हाणीघरात, तेव्हा लवकर उठा. शनिवारचं मटण फर्मास, रविवारचे पोहे गार. फाईलमधली पानं बरीचशी इंग्रजी, बचत गटाच्या बायकांना त्याचा काही उपयोग नव्हता. निदान वचनं तरी मराठीत छापायला हवीत. ख्रिस्ती नसलेल्यांना अवघडल्यासारखं होत नाही, कुणी मागे लागत नाही. बँक मॅनेजर साहेबांनी तर जाताना नव्या कराराची प्रत स्वतःहून मागून घेतली आणि जुन्या गोष्टींची मजा जास्त आहे म्हणून जुना करारही कुठे मिळेल ते विचारलं.

पाचपैकी तीन तारे. नहेम्या आणि रहबाम यांच्यासाठी जा. शाळा, मंडळी, वॉर्ड, शॉप फ्लोअर, कुठेही माणसं सांभाळत असाल तर त्या दोन सत्रांत आपली माणसं भेटतील. पाचवा अध्याय घेतला आणि तो व्हिडिओ काढला तर मी चौथा तारा देईन. स्वेटर न्या. आणि नर्सिंगवाल्यांनो, शुक्रवारची नाइट करून थेट शनिवारी पोचू नका. नहेम्या सकाळी लवकर असतो आणि तो झोपेत घालवण्यासारखा नाही.